एकच हंडा उतरवायचा: ग्लिसरीनपासून ग्लायकॉल कसं बनतं

मागच्या महिन्यात दादाचा फोन आला. दादा म्हणजे माझा आतेभाऊ, हॉटेलवाल्यांकडून तळून तळून काळं झालेलं तेल गोळा करून बायोडिझेल बनवणाऱ्या एका छोट्या युनिटमध्ये तो आहे. म्हणाला, "अगं, आमच्या शेडमागे तीसेक ड्रम ग्लिसरीन पडलंय, घ्यायला येतो तो माणूस असा भाव सांगतो की ड्रमचे पैसे पण निघत नाहीत, आणि मी कुठेतरी वाचलं की याच्यापासून ते कूलंटमधलं ग्लायकॉल बनतं, तर आपल्याला नाही का करता येणार? तू पीएचडी त्याच्यावरच केलीस ना?" म्हटलं अरे दादा, पीएचडी कुठली, एमएस्सीचा प्रोजेक्ट आणि नंतर दोन वर्षं लॅबमध्ये, बस. अर्धा तास फोनवर बोलले पण मला काही ते धड सांगता आलं नाही आणि त्याला काही ते पटलं नाही, म्हणून आता सविस्तर लिहून काढतेय, दादासाठी आणि ज्याला कोणाला इंटरेस्ट असेल त्याच्यासाठी.

आधी ते ड्रममध्ये आहे काय. तेलाचा रेणू म्हणजे ग्लिसरीनचा एक छोटासा कणा आणि त्याला लटकलेल्या तीन लांबलचक फॅटी अ‍ॅसिडच्या शेपट्या. बायोडिझेल करताना तेलात मिथेनॉल आणि थोडा कॉस्टिक सोडा घालून गरम करतात, शेपट्या कण्यापासून सुटतात आणि मिथेनॉलला चिकटतात, ते झालं बायोडिझेल, आणि उघडा पडलेला कणा खाली बसतो तो ग्लिसरीन. १०० किलो बायोडिझेल केलं की साधारण १० किलो ग्लिसरीन पदरात पडतंच, हवं असो वा नसो. थंडीत टाचांना गुलाबपाण्यात मिसळून लावतो किंवा सिरियलवाले रडायला डोळ्यात घालतात ते पण हेच, फक्त ते स्वच्छ केलेलं असतं. ड्रममधलं मात्र चॉकलेटी रंगाचं, त्यात उरलेलं मिथेनॉल, पाणी, साबण, आणि कॉस्टिक मारायला अ‍ॅसिड घातलं त्याचं झालेलं मीठ. हे मीठ लक्षात ठेवा, शेवटी त्याच्याकडे यायचंय.

गंमत बघा, एके काळी ग्लिसरीनची टंचाई असायची. साबणवाले ते साबण करून उरलेल्या पाण्यातून, म्हणजे लायमधून काढायचे, डायनामाइटसाठी ते लागायचं, आणि पुढे मागणी एवढी वाढली की पेट्रोलियममधल्या प्रोपिलीनपासून ते मुद्दाम बनवायचे कारखाने निघाले. मग २०००नंतर युरोप-अमेरिकेत बायोडिझेल जोरात सुरू झालं, ग्लिसरीनचा पूर आला, भाव कोसळले आणि डाऊ कंपनीने टेक्ससमधल्या फ्रीपोर्टचा आपला सिंथेटिक ग्लिसरीनचा प्लांट २००६मध्ये बंद केला. पूर्वी एपिक्लोरोहायड्रिन, म्हणजे इपॉक्सी रेझिनचा कच्चा माल, त्याच्यापासून ग्लिसरीन करायचे, नंतर सॉल्व्हेसारख्या कंपन्यांनी ग्लिसरीनपासून एपिक्लोरोहायड्रिन करायला सुरुवात केली. अख्खा रस्ता उलटा झाला. आपल्याकडे पण २०१८च्या जैवइंधन धोरणात २०३०पर्यंत डिझेलमध्ये ५ टक्के बायोडिझेल मिसळायचं लक्ष्य ठेवलंय, त्याच वर्षी एफएसएसएआयने, म्हणजे अन्नसुरक्षा बघणाऱ्या सरकारी संस्थेने, वापरलेलं तेल गोळा करायची रुको नावाची योजना काढली, म्हणजे दादासारख्यांचे ड्रम काही कमी व्हायचे नाहीत.

आता मूळ मुद्दा. ग्लिसरीनचा रेणू डोळ्यासमोर आणायचा तर तीन बायका हातात हात घालून एका रांगेत उभ्या आहेत आणि प्रत्येकीच्या डोक्यावर एक हंडा आहे असं समजा. बाई म्हणजे कार्बन, हंडा म्हणजे ओएच गट, म्हणजे ऑक्सिजन आणि त्याला चिकटलेला एक हायड्रोजन. तीन कार्बन, तीन हंडे. यातला एकच हंडा उतरवायचा, त्या बाईला बदल्यात एक हायड्रोजन द्यायचा, आणि उतरवलेला हंडा दुसरा हायड्रोजन घेऊन पाणी होऊन निघून जातो, हो, खरोखरचं पाणी. एवढंच काम आहे. याला हायड्रोजेनोलिसिस म्हणतात, हायड्रोजनने तोडणं.

कडेच्या बाईचा हंडा उतरवला तर उरलेले दोन हंडे शेजारी-शेजारी राहतात, ते १,२-प्रोपेनडायॉल, बाजारात त्यालाच प्रॉपिलीन ग्लायकॉल म्हणतात. औषधाच्या सिरपमध्ये, क्रीममध्ये, केकच्या इसेन्समध्ये, विमानाच्या पंखांवरचा बर्फ काढायच्या फवाऱ्यात, फायबरच्या पत्र्यांच्या रेझिनमध्ये, सगळीकडे ते असतं. घरातल्या कुठल्याही क्रीमची ट्यूब उचलून बारीक अक्षरं वाचा, बहुतेक सापडेल. मधल्या बाईचा हंडा उतरवला तर दोन टोकांना दोन हंडे, ते १,३-प्रोपेनडायॉल, त्याच्यापासून गालिचे आणि कपड्यांचा पॉलिएस्टर धागा बनतो, ते जास्त महाग. आणि हंडा उतरवायच्या नादात बायकांचे हातच सुटले, म्हणजे कार्बन-कार्बनची जोडणी तुटली, तर दोन कार्बनचं इथिलीन ग्लायकॉल होतं आणि उरलेल्या एका कार्बनचं मिथेनॉल नाहीतर मिथेन वायू. इथिलीन ग्लायकॉल म्हणजे गाडीचा साधा कूलंट, तो पोटात गेला तर किडनी जाते.

एकाच रिअ‍ॅक्टरमध्ये हे सगळं एकदम होऊ शकतं, हीच खरी डोकेदुखी. प्रॉपिलीन ग्लायकॉल १८८ अंशाला उकळतं आणि इथिलीन ग्लायकॉल १९७ला, म्हणजे एकदा मिसळले की ऊर्ध्वपातनाने, म्हणजे उकळून वाफ वेगळी काढून, वेगळे करताना घाम फुटतो, उंचच्या उंच टॉवर आणि ढीगभर वाफ. औषधात जाणाऱ्या मालात भलतं ग्लायकॉल आलं तर काय होतं हे मुंबईने बघितलंय, १९८६ साली जेजे हॉस्पिटलमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल मिसळलेलं ग्लिसरीन दिल्यामुळे १४ पेशंट दगावले आणि न्यायमूर्ती लेंटिन यांचा चौकशी आयोग नेमावा लागला. ते विष या रिअ‍ॅक्शनमधून आलेलं नव्हतं, मुळात औषधाच्या दर्जाचं नसलेलंच ग्लिसरीन तिथे पोचलं होतं. पण शुद्धतेच्या बाबतीत फार्मावाले एवढे किरकिरे का असतात ते यावरून समजावं.

तर प्रश्न असा की रेणूला हवा तिथेच कसा तोडायचा. नुसतं तापवून नाही का होणार? नाही, कारण कार्बन-कार्बन जोडणी तोडायला साधारण ३५० किलोज्यूल प्रति मोल लागतात आणि कार्बन-ऑक्सिजनलाही ३६०च्या आसपास, उन्नीस-बीसचा फरक. उष्णतेला काय कळतंय कुठला हात आणि कुठला हंडा, ती सगळंच तोडत सुटणार आणि शेवटी हातात करपट काळा चिकटा. (मी एकदा करून बघितलाय, स्टीलच्या भांड्याला बसलेला तो थर काढायला दोन दिवस लागले.) इथे उत्प्रेरक येतो, लॅबमध्ये सगळे कॅटॅलिस्टच म्हणतात म्हणून मीही तेच म्हणते.

कॅटॅलिस्ट म्हणजे रिअ‍ॅक्शनला सोपी पायवाट काढून देणारा पदार्थ, जो स्वतः संपत नाही. तो दोन तऱ्हेचा असतो. चहात साखर विरघळते तसा विरघळणारा, किंवा चहाच्या पावडरसारखा, जो काम करतो आणि नंतर गाळणीत राहतो. घन कॅटॅलिस्ट म्हणजे हा चहाच्या पावडरवाला प्रकार. कारखान्याला तोच आवडतो, कारण गाळून परत वापरता येतो किंवा त्याच्या गोळ्या करून उभ्या नळीत भरून ठेवायच्या, वरून ग्लिसरीन आणि हायड्रोजन सोडायचा, खालून ग्लायकॉल आणि पाणी घ्यायचं, महिनोन्‌महिने.

पण घन असल्यामुळे एक अडचण, काम फक्त पृष्ठभागावर होतं, आतला धातू बसून राहतो. म्हणून धातूचे अगदी बारीक, काही नॅनोमीटरचे कण एखाद्या भोकाभोकांच्या आधारावर पसरवतात, अ‍ॅल्युमिना, सिलिका, झिंक ऑक्साइड, कोळसा असं काहीतरी. चांगल्या अ‍ॅल्युमिनाच्या एका ग्रॅममध्ये सगळी भोकं उलगडून मोजली तर २०० चौरस मीटर जागा निघते, म्हणजे बॅडमिंटनची जवळजवळ अडीच कोर्टं. चमचाभर पांढरी पावडर आणि अडीच कोर्टं, मला अजून दरवेळी हे खरं वाटत नाही.

आणि हा आधार नुसता पाट नाही ज्याच्यावर धातू बसलाय, त्यालाही काम असतं. प्रॉपिलीन ग्लायकॉलकडे जायचा नेहमीचा रस्ता दोन पावलांचा आहे. पहिल्या पावलाला कडेचा हंडा पाणी होऊन निघून जातो आणि अ‍ॅसिटॉल नावाचा मधला पदार्थ होतो, याला बऱ्याचदा आधारावरच्या आंबट जागा, म्हणजे अ‍ॅसिड साइट्स लागतात. दुसऱ्या पावलाला त्या अ‍ॅसिटॉलला हायड्रोजन जोडला जातो, ते धातूचं काम, कारण हायड्रोजनच्या रेणूचे दोन तुकडे करून ते पृष्ठभागावर धरून ठेवायचं कसब धातूकडे असतं. एकाच कणावर दोन कारागीर बसलेत असं म्हणा, एक पाणी काढतो आणि दुसरा हायड्रोजन लावतो, आणि दोघांचा वेग जुळला नाही तर अ‍ॅसिटॉल साचतं, आपापसात चिकटतं, आणि पावडरवर काळी साय धरते.

आता धातू कुठला? माझ्या मते या सगळ्या कहाणीतला हाच मजेशीर भाग आहे. साधा विचार केला तर वाटेल जो सगळ्यात चपळ धातू तो घ्यावा. निकेल घ्या, रुथेनियम घ्या, हायड्रोजनशी खेळायला दोघेही पटाईत. रुथेनियम तर एवढा तरबेज की जपानमध्ये केईची तोमिशिगे यांच्या गटाने कोळशावरचं रुथेनियम आणि अँबरलिस्ट नावाचं आंबट रेझिन यांची जोडी लावून फक्त १२० अंशाला ही रिअ‍ॅक्शन करून दाखवली. पण हे दोन्ही धातू हात तोडण्यातही तेवढेच पटाईत आहेत, हंडा उतरवता उतरवता रांगच मोडतात, आणि मग इथिलीन ग्लायकॉल आणि मिथेन. महागडा धातू घालून ग्लिसरीनचा गॅस करायचा याला काय अर्थ आहे.

आणि मग येतं तांबं. या मंडळींपुढे तांबं आळशी आहे. हायड्रोजन तोडतं पण निवांत, तापमान जास्त मागतं, १८० ते २२० अंश द्यावे लागतात. पण कार्बन-कार्बनच्या जोडणीला ते जवळजवळ हातच लावत नाही. कार्बन-ऑक्सिजनकडे मात्र बरोबर बघतं. त्याचा हा आळसच आपल्या कामाचा. पुरणपोळी लाटायला पैलवान बोलवत नाहीत, हलका हात लागतो, तसं काहीसं. म्हणून या धंद्यात जे कारखाने खरे चालले त्यांच्यात तांब्याचं नाव पुन्हा पुन्हा येतं.

तांब्याची ही करामत नव्याने चर्चेत आणली ती अमेरिकेतल्या मिसुरी विद्यापीठाच्या गॅलन सपीझ यांनी. कॉपर क्रोमाइट, म्हणजे तांबं आणि क्रोमियमच्या ऑक्साइडचा एक जुना कॅटॅलिस्ट आहे, तो घेऊन त्यांच्या गटाने २००५मध्ये दाखवलं की २०० अंश आणि २०० पीएसआय, म्हणजे जेमतेम १४ बारला पण काम होतं (एक बार म्हणजे साधारण आपल्या भोवतीच्या हवेएवढा दाब). त्याच्या आधीच्या बऱ्याच पद्धतींना शंभर-शंभर बार आणि त्याहून जास्त लागायचे, आणि दाब वाढला की जाड भिंतीचा रिअ‍ॅक्टर, मोठा कॉम्प्रेसर, सगळा खर्च वाढतो. त्यांनी अ‍ॅसिटॉलचं पाऊल आणि हायड्रोजनचं पाऊल वेगळं करून बघितलं, त्याने चित्र स्पष्ट झालं. २००६मध्ये त्यांना अमेरिकेतला ग्रीन केमिस्ट्रीचा प्रेसिडेन्शियल पुरस्कार मिळाला.

आता ही पावडर बनते कशी ते सांगते, कारण हे काम मी स्वतःच्या हाताने केलंय आणि दिसायला फार छान असतं. तांब्याचं नायट्रेट पाण्यात विरघळवलं की गडद निळं पाणी, त्यात अ‍ॅल्युमिनियमचं नायट्रेट, आणि दुसऱ्या बाजूने सोडियम कार्बोनेटचं द्रावण थेंब-थेंब सोडायचं, पीएच सांभाळत, ढवळत. हळूहळू निळसर हिरवा, मोरपंखी म्हणावा असा साका तयार होतो. तो काही तास तसाच मुरू द्यायचा, गाळायचा, धुवायचा, रात्रभर ओव्हनमध्ये सुकवायचा, तोपर्यंत तो हिरवाच. मग भट्टीत ४०० अंशाच्या आसपास भाजला की काळा कुळकुळीत, ते कॉपर ऑक्साइड. आणि वापरायच्या आधी गरम हायड्रोजन सोडला की काळ्याचं तांबूस-तपकिरी होतं, धातूचं तांबं बाहेर येतं. निळं, हिरवं, काळं, तांबडं, चार दिवसांत चार रंग. त्या शेवटच्या अवस्थेत ते एकदम हवेत आणायचं नाही, ऑक्सिजन खाऊन स्वतःच तापतं.

माझी पहिली बॅच वाया गेली ती धुण्यात. साका धुताना पाण्यातलं सोडियम जाईपर्यंत धुवायचं असतं, मी तीन पाण्यांनी धुतलं आणि तांदूळ धुतात तसं पुरे झालं असं समजले. रिअ‍ॅक्शन लावली तर काटा हलेना. सोडियम राहिलं की ते त्या आंबट जागा मारून टाकतं आणि तांब्याचे कण एकमेकांना चिकटून जाडे व्हायला मदत करतं, हे नंतर कळलं. सर म्हणाले, गाळणीखालचं पाणी कंडक्टिव्हिटी मीटरवर मोज, जिभेवर विश्वास ठेवू नकोस. (जिभेवर नव्हता ठेवला हो, पण बोलायची पद्धत.) दुसऱ्या वेळी अकरा पाणी धुतलं.

आणि ती रिअ‍ॅक्शन म्हणजे काय, तर स्टीलचं जाड भिंतीचं एक भांडं, ऑटोक्लेव्ह, आपल्या प्रेशर कुकरचा खूप गंभीर स्वभावाचा थोरला भाऊ. ग्लिसरीन पाण्यात मिसळून घालायचं, कारण नुसतं ग्लिसरीन पाण्याच्या हजारपट घट्ट असतं आणि पिपेटमधून उतरायला चहा पिऊन यावं एवढा वेळ घेतं. चिमूटभर कॅटॅलिस्ट, झाकण, आठ बोल्ट समोरासमोरचे जोडीने आवळायचे, नायट्रोजनने आतली हवा हाकलायची, मग हायड्रोजन. थंड असताना ३० बार भरला तर २०० अंशाला पोचेपर्यंत पाण्याची वाफ धरून काटा साठच्या आसपास जातो. आणि मग बसायचं काट्याकडे बघत. काटा हळूहळू खाली यायला लागला की समजायचं हायड्रोजन खाल्ला जातोय, रिअ‍ॅक्शन चाललीय, नाहीतर गॅस्केट लीक आहे. दोन्हींमधला फरक साबणाचं पाणी लावल्यावरच कळतो. मी एकदा तीन तास खूष होते, ते लीक निघालं.

सपीझ यांच्या कॅटॅलिस्टमधलं क्रोमियम मात्र कोणालाच नको होतं. काम छान करतं पण वापरून झालेल्या पावडरीचं काय करायचं, क्रोमियमचं सहाव्या अवस्थेतलं रूप कॅन्सरकारक आहे. म्हणून गेली पंधरा-वीस वर्षं क्रोमियम काढून दुसरं काय घालता येईल यावरच बरंच काम झालं, तांबं-झिंक ऑक्साइड, तांबं-मॅग्नेशिया, तांबं-सिलिका, तांबं-अ‍ॅल्युमिना. यात महाराष्ट्रातल्या लोकांचा हात चांगला आहे. पुण्यात पाषाणला एनसीएलमध्ये, म्हणजे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, डॉ. चंद्रशेखर रोडे यांच्या गटाने क्रोमियम नसलेल्या तांबं-अ‍ॅल्युमिनियम कॅटॅलिस्टवर भरपूर काम करून ठेवलंय, आणि माटुंग्याच्या आयसीटी या रसायन तंत्रज्ञानाच्या संस्थेत प्रा. गणपती यादव यांच्या गटाने वेगळीच वाट धरून मँगनीज ऑक्साइडच्या तंतूंमध्ये चांदी बसवून ग्लिसरीनचं प्रॉपिलीन ग्लायकॉल करून दाखवलं. लॅबमध्ये होतं ते कारखान्यात होईलच असं नाही, पण या विषयाचा अभ्यास करायचा तर परदेशातच बघायला पाहिजे असं काही नाहीये.

तांब्याचा दुसरा दोष म्हणजे ते मऊ आहे. तांबं वितळतं १०८५ अंशाला, पण त्याचे नॅनो कण त्याच्या कितीतरी आधी, दोनशे-अडीचशेच्या पुढेच सरकायला लागतात, एकमेकांत मिसळतात, पावसात काचेवरचे थेंब एकत्र येऊन मोठे होतात ना तसे. कण मोठे झाले की पृष्ठभाग कमी, काम कमी. आणि या रिअ‍ॅक्शनमध्ये पाणी तर सतत तयार होत असतं, ते याला अजून हातभार लावतं. झिंक ऑक्साइड घालतात ते थोडंफार यासाठीच, तांब्याच्या कणांच्या मधे मधे बसून त्यांना लांब ठेवायला. म्हणजे एकीकडे आळशी धातूला जागं करायला तापमान वाढवायचं आणि दुसरीकडे त्याचे कण चिकटून गोळा होऊ नयेत म्हणून जपायचं, या दोन्हींच्या मधली पट्टी अगदी अरुंद आहे.

तरी हे कारखान्यापर्यंत पोचलं. अमेरिकेत एडीएम कंपनीने इलिनॉयमधल्या डिकेटर इथे वर्षाला १ लाख टन क्षमतेचा प्लांट २०११मध्ये सुरू केला, तिथला कॅटॅलिस्ट मात्र पॅसिफिक नॉर्थवेस्ट राष्ट्रीय प्रयोगशाळेत तयार झालेला, कोळशावरच्या धातूंचा. बेल्जियममध्ये एर्टवेल्डला ओलेऑन कंपनीने बीएएसएफचं तंत्र घेऊन २०१२मध्ये प्लांट टाकला, तिथे तांबं. म्हणजे १,२ची गोष्ट बऱ्यापैकी सुटली म्हणायची.

१,३ची मात्र सुटलेली नाही, निदान घन कॅटॅलिस्टने तरी. मधल्या बाईचा हंडा उतरवायचा तर दोन्ही बाजूंनी गर्दी, आणि मधला हंडा निघाल्यावर जो मधला पदार्थ होतो तो इतका अस्थिर की हायड्रोजन मिळायला जरा उशीर झाला तर अजून एक पाणी टाकून त्याचं अ‍ॅक्रोलीन होतं, करपलेल्या तेलाचा डोळे झोंबवणारा वास असतो ना तेच. तोमिशिगे यांच्या गटाने यावर फार सुंदर युक्ती काढली. इरिडियम आणि ऱ्हेनियम ऑक्साइड शेजारी शेजारी बसवले. ऱ्हेनियम कडेच्या ओएचला पकडून ठेवतो, म्हणजे कडेच्या बाईचा पदर धरून उभा राहतो, आणि शेजारच्या इरिडियमवरचा हायड्रोजन तिथून बरोबर हात पोचेल अशा अंतरावर असलेल्या मधल्या हंड्यावर जातो. नेम धरायला आधी रेणू जागेवर बांधून घेतला, एवढीच आयडिया. २०१०मध्ये त्यांनी ८१ टक्के ग्लिसरीन खर्च होऊन ३८ टक्के १,३ मिळाल्याचं सांगितलं.

हे आकडे वाचायची एक पद्धत आहे, त्यात लोक नेहमी फसतात. मोदकांचं उदाहरण घ्या. १०० मोदकांची उकड मळली, त्यातली ८१ मोदकांची वापरली, ते झालं कन्व्हर्जन ८१ टक्के. त्यातले धड, कळीदार, न फुटलेले मोदक निघाले ३८, ते झालं यील्ड. आणि हात लावलेल्यांपैकी धड किती, तर ८१तले ३८, म्हणजे ४७ टक्क्यांच्या आसपास, ती सिलेक्टिव्हिटी. कोणी नुसतं "९९ टक्के कन्व्हर्जन" सांगून छाती फुगवत असेल तर त्याला विचारायचं, फुटलेले किती?

पुढे जपानच्याच ओसाका विद्यापीठात कियोतोमी कानेदा यांच्या गटाने बोहमाइट नावाच्या अ‍ॅल्युमिनियमच्या खनिजावर प्लॅटिनम आणि टंगस्टन बसवून २०१३मध्ये ६६ टक्के यील्डपर्यंत मजल मारली. छानच आहे. पण इरिडियम, प्लॅटिनम, ऱ्हेनियम यांचे भाव बघितले की कारखानदार चहा अर्धा सोडून उठतो. शिवाय तिकडे ड्युपॉन्ट आणि टेट अँड लाइल यांनी २००६मध्येच टेनेसीतल्या लाउडनला मक्याच्या साखरेपासून जनुक बदललेल्या ई-कोलाय बॅक्टेरियाकडून १,३ करून घ्यायला सुरुवात केली होती. बॅक्टेरियाला ३५-४० अंश पुरतात, नेम कधी चुकत नाही, पण त्याचे नखरे वेगळे. सध्या तरी १,३च्या शर्यतीत पावडर मागे आणि जंतू पुढे, असं माझं मत.

हायड्रोजनचा हिशेब राहिला. १०० किलो ग्लिसरीनला साधारण २.२ किलो हायड्रोजन लागतो, त्यातून जास्तीत जास्त ८२-८३ किलो प्रॉपिलीन ग्लायकॉल निघतं आणि जवळजवळ २० किलो पाणी. वजनाने हायड्रोजन किरकोळ वाटतो, पण तो आज मुख्यतः नैसर्गिक वायूपासूनच येतो आणि तो साठवणं, दाबणं, परवानग्या, सगळं खर्चिक. म्हणून बाहेरून हायड्रोजन न देता काही करता येईल का याचे प्रयत्न चालू असतात. मला त्यातलं ब्रिटनमधल्या कार्डिफ विद्यापीठाचं काम आवडतं, ग्रॅहम हचिंग्स यांच्या गटाने २०१५मध्ये ग्लिसरीन आणि पाण्याची वाफ मॅग्नेशियम ऑक्साइड, सेरियम ऑक्साइड अशा साध्या ऑक्साइडवरून नेऊन एका पायरीत मिथेनॉल मिळवलं, बाहेरचा हायड्रोजन नाही, जास्तीचा दाब नाही. इथे हात मुद्दाम तोडायचे आहेत. आणि मिथेनॉल म्हणजे बायोडिझेल करायला जे विकत आणावं लागतं तेच, म्हणजे सांडपाण्यातूनच पुढच्या घाण्याचा माल, जमलं तर.

तर दादा, आता तुझे तीस ड्रम. तुझ्या ग्लिसरीनमधलं ते मीठ आठवतंय ना, त्यातलं सोडियम माझ्या पहिल्या बॅचचं झालं तेच करणार, तांब्याच्या पृष्ठभागावर बसणार. मीठ झालं असेल हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडचं तर क्लोराइड, ते तांब्याला अजून वाईट, सल्फ्युरिकचं असेल तर सल्फर, तेही विष. साबण भोकं बुजवणार. तुझा माल आहे तसा कुठल्याही कॅटॅलिस्टवर घातला तर पहिल्या आठवड्यात पावडर मेली समज, म्हणूनच घ्यायला येणारा माणूस भाव पाडतो, त्याला आधी मिथेनॉल उडवून, साबण फोडून, मीठ काढून, व्हॅक्यूममध्ये ऊर्ध्वपातन करायचं असतं, ग्लिसरीन साध्या दाबाला २९० अंशाला उकळतं आणि तिथवर तापवलं की बिघडायला लागतं म्हणून व्हॅक्यूम. हायड्रोजनचा प्लांट शेडमागे टाकायचा विचार तर डोक्यातून काढूनच टाक, आत्यालाही सांगितलंय मी.

करता येण्यासारखं एवढंच की मिथेनॉल उडून वाया घालवू नकोस, ते परत पकड आणि पुढच्या बॅचला वापर, आणि एक ड्रम नीट हलवून त्याचा नमुना काढून पाणी, राख आणि ग्लिसरीनचं प्रमाण तपासून घे. राख म्हणजे मीठच. राखेचा आकडा हातात असला की भाव करताना बोलता येतं. नमुना मात्र ड्रमच्या वरून घेऊ नकोस, मीठ तळाला बसलेलं असतं.